उकार दीर्घ हवा

३० मार्च

प्रिय ताई,

भाचीचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. "मामा, आईचा पाय मोडला," म्हणाली. आपल्या घरात शिडीवरून पडायचा मान खरं तर माझा, तोही तू पळवलास. कशावरून पडलीस हे मात्र तिनं सांगितलं नाही, नुसतीच खुदखुदत राहिली. आईचा पाय मोडल्यावर हसणारी मुलगी तुझीच असू शकते. काय झालं ते सविस्तर लिही, आणि प्लास्टर किती आठवड्यांचं आहे तेही.

इकडे उन्हाळा लागला आणि अख्खं शहर घराबाहेर आलं आहे. बारा तारखेपासून बागेतले रविवारचे कार्यक्रम सुरू होतात. फाटकावरची पाटी दर आठवड्याला नवी, आणि ती यंदाही माझ्याकडेच आहे. समितीच्या सेक्रेटरींनी छापील फलकाचा विषय काढला होता. पण मागच्या वर्षी लोक पाटीसमोर उभे राहून फोटो काढून घेत होते, हे त्यांनीच पाहिलेलं, त्यामुळे विषय तिथंच बारगळला.

सोबत एप्रिलच्या तिन्ही रविवारांच्या मजकुराची चिठ्ठी आहे. नेहमीसारखी लाल करून पाठव. अकरा वर्षं तू माझ्या पाट्या तपासते आहेस आणि त्यामुळे मी पुरता बिघडलो आहे. आता मी रंगवताना शब्द वाचतच नाही, आकार तेवढे बघतो. 'ळ'ची दोन्ही पोटं सारखी आली, शिरोरेषा एका श्वासात सरळ गेली, की माझं काम झालं. अर्थाचं खातं तुझ्याकडे. खरं तर मजकूरही तूच लिहून पाठवत जा ना, माझी कटकटच मिटेल.

आता खरी बातमी, जी मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ही वाजवणार आहे! तीन मेच्या रविवारी, बँडस्टँडवर, एकटी, वीस मिनिटं. बावीस वर्षं ही वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसून मेंडोलिन वाजवत आली. पुढे इतकी पितळी वाद्यं असायची, की हिनं एखाद्या दिवशी नुसतेच हात हलवले असते तरी कुणाला पत्ता लागला नसता. आता पहिल्यांदाच पाटीवर हिचं एकटीचं वाद्य येणार. पण तिच्या डाव्या हाताची बोटं सांध्यांत सुजायला लागली आहेत. हा उन्हाळा काढा, मग विश्रांती द्या, असं डॉक्टर म्हणतात. विश्रांती म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळलं आहे, आम्ही त्यावर बोलत नाही.

तुझा,
ठोंब्या

*

४ एप्रिल

प्रिय ठोंब्या,

प्लास्टर आठ आठवड्यांचं आहे. पडले ते स्टुलावरून. इमारतीच्या जिन्याखाली सूचनाफलक आहे, त्यावर कुणीतरी 'उद्या पाणि येणार नाही' असं लिहिलं होतं. त्या 'णि'च्या समोरून मी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सहन होईना, म्हणून स्टूल घेतलं. 'णी' केला आणि मगच पडले, अर्धवट सोडून नाही. आता माझी लेक सगळ्या शेजारणींना हे सांगत सुटली आहे. हसू देत.

मी आता खिडकीपाशी खुर्ची टाकून पडलेली असते. पाय उशीवर, मांडीवर लिहायची फळी, हातात लाल पेन. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासत अशीच बसले, फक्त तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर होते.

तुझी चिठ्ठी परत पाठवते आहे. तीन रविवारांत सोळा चुका. 'वाद्यवृंध' म्हणजे काय रे? 'अवश्य'ला 'आवश्य' करून त्याचं तोंड कशाला वासायला लावलंस? आणि 'विनामुल्य' तू अकरा वर्षं असंच लिहितो आहेस. अकरा वर्षं मी तो 'मु' दीर्घ करते आहे. तो 'मू' आपल्या दोघांना पुरून उरणार.

मजकूर मी लिहिणार नाही. दुसऱ्याच्या मजकुरात आपला शब्द घालायचा नाही आणि त्याचा अर्थ बदलायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम आहे. मी तो चौतीस वर्षांत एकदाही मोडला नाही. भल्याभल्या लेखकांची वाक्यं मला बदलावीशी वाटली, हात शिवशिवले, तरी नाही. आम्ही फार तर कडेच्या समासात सूचना लिहितो. तर सूचना अशी, की ज्याचं दीर्घ तुला झेपत नाही तो शब्दच टाकून दे. मेपासून 'प्रवेश विनामूल्य'च्या जागी 'मुक्त प्रवेश' लिही. ह्रस्वच आहे, तुझ्या मनासारखं.

अक्षरं मात्र कशी काढतोस कोण जाणे. मागच्या वर्षीच्या पाटीचा फोटो लेकीनं माझ्या समोरच्या भिंतीवर लावला आहे. त्यातला 'क्ष' मी रोज बघते. चौतीस वर्षांत छापखान्यातल्या शिशाच्या कुठल्याही अक्षरखिळ्याचा इतका देखणा 'क्ष' मी पाहिला नाही. हे पत्र कुणाला दाखवू नकोस.

तुझी बायको अजून टुणटुण करते म्हणायची. बरं आहे. बोटं शेकायला सांग.

ताई

*

२० एप्रिल

प्रिय ताई,

दोन रविवार झाले. काय सांगू आणि किती सांगू!

पहिल्या रविवारी अग्निशमन दलाचा बँड होता. दांडगे गडी, मिशा अशा की बघत राहावं. त्यांच्यातला सगळ्यात आडदांड माणूस ट्रम्पेट इतकं हळुवार वाजवतो, की पुढच्या बाकावरचं तान्हं मूल झोपलं. दुसऱ्या रविवारी दवाखान्यातल्या नर्सबायांचं गाणं होतं, तेही बागेत नाही, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, ड्यूटीच्या कपड्यांतच. गाणं मध्यावर आलं आणि आतून कुणाची तरी घंटा वाजली. एक बाई ओळ अर्धी टाकून आत पळाली. तिची ओळ शेजारणीनं अशी उचलली, की सांधा दिसला नाही. पाच मिनिटांनी ती परत आली आणि हात पुसत पुसत बरोबर जागेवर पुन्हा सुरू झाली. मी तिथंच ठरवलं, आजारी पडायचं तर इथंच.

बागेच्या कुंपणाबाहेर चित्रशाळेची मुलं फरशीवर खडूनं चित्रं काढतात. एका मुलीनं जमिनीवर उघडी खिडकी काढली आहे, पडद्यासकट. लोक तिला वळसा घालून जातात. मीसुद्धा घातला. पस्तीस वर्षं रंगात हात घालून बसलेला माणूस मी, आणि खडूच्या खिडकीत पडायला घाबरलो.

आता हिचं. ताई, घोडं अडलं आहे.

गुरुवारी दुपारी आम्ही दोघं रिकाम्या बागेत गेलो. ही बँडस्टँडवर बसली आणि मी एकेक बाक मागे जात राहिलो. सातव्या बाकापर्यंत ऐकू आलं. पण काल नर्सबायांचं गाणं आटोपून माणसं बागेत आली, बँडस्टँडभोवती गप्पा, पोरं, आइस्क्रीमच्या गाडीची घंटा, खडीच्या वाटेवर चपलांची करकर, तेव्हा मी तिला हळूच दोन सुरावटी वाजवायला लावल्या. तिसऱ्या बाकावर मला तिचा हात हलताना दिसला, बस्स. सेक्रेटरींनी माइक लावून बघितला. माइकमधून मेंडोलिन येत नाही, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं काहीतरी येतं. ही उठूनच गेली.

घरी आल्यावर म्हणाली, "मला एकदा उघड्यावर, माइकशिवाय वाजवायचंय. मी जे वाजवते ते शेवटच्या बाकापर्यंत जातं का, एवढंच बघायचंय. गेलं तर बोटं चालतील तोवर वाजवेन. नाही गेलं तर त्याच संध्याकाळी मेंडोलिनची पेटी माळ्यावर." तू तिला ओळखतेस. ती आवाज चढवत नाही, पण बोलली की बोलली. सेक्रेटरी म्हणतात, "माइक नको तर नको, लोक तुमचे नुसते हात बघतील." लोकांना गप्प बसा म्हणून सांगायची सोय नाही. उघडी बाग आहे, उन्हाळा आहे, कोण ऐकणार? बोर्ड लावून कोणी गप्प बसतं का?

आणि ताई, एक गोष्ट. मी कधी बोललो नव्हतो, आता बोलतो. तिच्या वाजवण्याला टुणटुण म्हणू नकोस. आमच्या लग्नानंतर आठच दिवसांनी तू आली होतीस. जेवणाच्या टेबलावर मुद्रितं पसरून बसली होतीस आणि ही आतल्या खोलीत वाजवत होती. तू म्हणालीस, "ते टुणटुण जरा थांबवायला सांग रे, माझ्या चुका सुटताहेत." त्याला एकोणतीस वर्षं झाली. तेव्हापासून तू घरात असताना हिनं मेंडोलिनला हात लावलेला नाही. तू यायच्या आदल्या दिवशी पेटी कपाटावर जाते आणि तू गेलीस की खाली येते. तिनं कधी तक्रार केली नाही, म्हणून मीही गप्प बसलो. तू हे मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही.

सोबत तीन तारखेची चिठ्ठी. घाईत लिहिली आहे, सेक्रेटरी दारात उभे होते. मजकूर असा:

*मेंडोलिन. एकल वादन. रविवारी सायंकाळी पाच वाजता. मुक प्रवेश.*

ठोंब्या

*

२४ एप्रिल

ठोंब्या,

पत्र मिळालं. चिठ्ठी परत पाठवते आहे. एकच दुरुस्ती आहे, समासात लिहिली आहे. आहे तसं रंगव. डोकं चालवू नकोस, ते तुझं काम नाही, असं तूच म्हणतोस. सेक्रेटरींना दाखवायचीही गरज नाही. पाटी शुक्रवारीच लाव, म्हणजे लोकांना वाचायला दोन दिवस मिळतील. अक्षर मोठं काढ, शेवटची ओळ सगळ्यात मोठी.

बाकी उत्तर नंतर लिहीन. आज पाय दुखतो आहे.

ताई

*

४ मे

प्रिय ताई,

सकाळचे सात वाजले आहेत. ही अजून झोपली आहे आणि मला पत्र लिहिल्याशिवाय चहा गोड लागणार नाही.

गेलं! शेवटच्या बाकापर्यंत गेलं. शेवटच्या बाकाच्याही पलीकडे, भिंतीशी माळ्याचा नळ आहे, तिथं मी उभा होतो. तिथपर्यंत आलं.

चारशे माणसं होती. आणि बागेत आवाज नाही. का, ते विचारू नकोस. लोक शहाणे झाले असतील. फाटकावरचा रखवालदार आत येणाऱ्या प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून दाखवत होता. त्याला काय झालं होतं कोण जाणे. लोक खडीची वाट सोडून बाजूच्या गवतावरून येत होते, चपला वाजू नयेत म्हणून. आइस्क्रीमवाल्यानं घंटेला रुमाल बांधला होता आणि बोटांनी भाव दाखवत होता. खडूची चित्रं काढणारी पोरं ओळीनं येऊन बसली, एरवी त्यांचं तोंड मिटत नाही. मी पाहिलं, लोक बाकावर बसले की आधी एकमेकांकडे बघून हसायचे. सगळे मिळून काहीतरी खोडी करत असल्यासारखे.

मग ही आली. निळी साडी, वाद्यवृंदातली तीच. पेटी उघडल्याचा खटका मला नळापाशी ऐकू आला.

ताई, मी एकोणतीस वर्षं हे वाजवणं ऐकतो आहे. शेजारच्या खोलीतून, ब्रश धुताना, दाढी करताना. मला वाटायचं, मला ते पाठ आहे. काल कळलं, मी फक्त सूर ऐकत होतो. ही मधे मधे थांबते. एक सूर सोडते आणि तो पुरता विरेपर्यंत दुसऱ्याला हात घालत नाही. घरात त्या थांबण्यात कुकर वाजायचा, फोन वाजायचा, मी काहीतरी विचारायचो. काल त्या थांबण्यात चारशे माणसं तिच्याबरोबर थांबली. पानाचा आवाज येत होता. आणि मग पुढचा सूर असा यायचा, की आता दुसरा कुठला येऊच शकला नसता. मी शिरोरेषा ओढताना श्वास रोखतो ना, तसा अख्ख्या बागेनं वीस मिनिटं रोखला होता.

शेवटचा सूर विरला. टाळ्या नाहीत! माझा जीव खालीवर. मग लक्षात आलं, लोकांना टाळी वाजवायची परवानगी आहे की नाही तेच कळत नव्हतं. सगळे वळून रखवालदाराकडे बघत होते. त्यानं काठी बगलेत मारली आणि पहिली टाळी वाजवली. मग जे सुरू झालं ते थांबेचना. झाडावरचे पक्षी उडाले.

सेक्रेटरींनी तिला पुढच्या महिन्यातही एक रविवार दिला आहे. मी रडलो, पण नळापाशी होतो, तोंड धुऊन घेतलं.

पाटी छान झाली होती. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

ताई, तू डोळे शेवटचे कधी तपासलेस? सहज विचारतो. वय होतं माणसाचं. लाज वाटायचं कारण नाही. पुढच्या पाट्या मी इकडेच कुणाकडून तरी वाचून घेईन, तू आराम कर.

ठोंब्या

*

९ मे

प्रिय ठोंब्या,

तू माझ्या लेकीला फोन केलास हे मला कळलं आहे. तिनं मला प्लास्टरसकट डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. त्याच्याही खाली तक्ता छापणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात होतं, तेही वाचलं, आणि त्यात एक अनुस्वार कमी आहे हेही त्यांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी या.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा त्यातल्या चुका दिसल्या नाहीत. माझ्या बाबतीत असं कधी होत नाही.

तू खोटं बोलतोस तेव्हा तुझी वाक्यं आखूड होतात. लहानपणापासून. 'पाटी छान झाली होती.' 'सहज विचारतो.' रखवालदाराला काय झालं होतं हे तुला नीट ठाऊक आहे. असो. पाट्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतल्यास तर बघ.

एक विचारायचं राहिलं. वाजवून खाली उतरल्यावर ती पहिलं वाक्य काय म्हणाली? तू तेवढंच लिहिलेलं नाहीस. मला ते हवं आहे.

ताई

*

१३ मे

ताई, नमस्कार.

माझं तुम्हाला हे पहिलंच पत्र. एकोणतीस वर्षांत तुम्हाला जाणाऱ्या पत्रांखाली 'हिचाही नमस्कार' एवढं लिहायला मी यांना सांगत आले, तेही हे विसरतात. तुमचं शेवटचं पत्र यांनी मला वाचायला दिलं. त्यातल्या प्रश्नाचं उत्तर मलाच द्यायला हवं, कारण यांना ते लिहायला लाज वाटते.

खाली उतरल्यावर मी यांना म्हटलं, "आधी तो नळ नीट बंद करा, मघापासून ठिबकतोय." नळ बँडस्टँडपासून किती लांब आहे, ते तुम्ही बाग पाहिली आहे, तुम्हाला माहीत आहे. मला वाजवताना त्याचे थेंब ऐकू येत होते. तेव्हाच मला कळलं, माझंही तिथपर्यंत जात असणार.

आता जे यांनी लपवलं ते सांगते. 'तायडीला कळता कामा नये, बिचारीचे डोळे गेले, तिच्या जिवाला लागेल,' अशी मला शपथ घातली आहे. शपथ मी मोडते आहे.

पाटीवर 'मुक्त प्रवेश'च्या जागी 'मूक प्रवेश' असं लागलं होतं. शेवटची ओळ, हातभर अक्षरात, लाल रंगात. इतकी सुंदर रंगवली होती, की ती चूक असेल असं कुणाच्या मनातच येईना. शुक्रवारी सकाळी लागली आणि दुपारपर्यंत भाजीवालीनं मला विचारलं, "काय हो, यंदा न बोलता आत जायचंय म्हणे? छान काढलंय की नवीन!" रखवालदार प्रामाणिक माणूस. पाटीवर आहे म्हणजे हुकूम आहे, असं त्यानं धरलं. सेक्रेटरी रविवारी फाटकावर आले, पाटी वाचली आणि लालबुंद झाले. यांना झापायला तोंड उघडलं, तोच रखवालदारानं त्यांच्याही समोर ओठांवर बोट धरलं. मग त्यांनी सगळा राग हातवारे करून काढला. यांना त्यातलं काही कळलं नाही, फक्त मान डोलवत राहिले. वाजवून झाल्यावर तेच सेक्रेटरी माझ्याजवळ आले आणि नमस्कार करून गेले.

यांना वाटतं, ताईच्या हातून आयुष्यातली पहिली चूक झाली. दोन दिवस यांच्या घशाखाली घास उतरला नाही. माझं वाजवणं चांगलं झालं याचा आनंद आणि तुमचे डोळे गेल्याचं दुःख, दोन्ही एकाच वेळी. चेहरा बघण्यासारखा होता.

मी मात्र काल यांच्या कामाच्या खोलीत गेले होते. ब्रशांच्या वर खिळा आहे, त्याला तुमच्या तपासलेल्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. तीन तारखेची वरच होती. यांनी घाईत 'क्त' गाळून 'मुक' लिहिलं आहे. तुम्ही त्या 'मु'भोवती लाल गोल केला आहे आणि समासात लिहिलं आहे, 'उकार दीर्घ हवा.'

ताई, मी शाळेत शुद्धलेखनात कधी पहिली आले नाही. पण ज्या माणसाला अख्खा 'क्त' गळलेला दिसला नाही, त्याला उकार आखूड आहे हे कसं दिसलं? आणि मुक्त प्रवेश लिही, ही सूचना तर तुमचीच होती.

यांना मी यातलं काही बोलले नाही. खरं काय ते तुम्ही मला सांगा. नाही सांगितलंत तरी चालेल.

बोटं परवापासून जास्त सुजली आहेत. पेटी माळ्यावर गेली नाही, टेबलावर उघडी आहे. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यानंतर बंद म्हणून सांगितलं आहे. म्हणजे अजून थोडे दिवस आहेत. ते कुणासाठी वाजवायचे, याचा विचार करते आहे.

तुमची,
भावजय

*

१८ मे

प्रिय भावजयबाई,

तुला पत्र लिहायला बसले आणि मायना सुचेना. चार कागद फाडले. लेक म्हणाली, "आई, तू आणि खाडाखोड?"

पकडलंस. छापखान्यात माझ्या हाताखाली तीन पोरी शिकल्या, त्यांतल्या एकीलाही ते दिसलं नसतं.

ती चिठ्ठी आली तेव्हा मी लाल पेन उचललं आणि 'क्त' घालायला हात पुढे केला. तोच 'मुक'कडे लक्ष गेलं. त्याच पत्रात ठोंब्यानं विचारलं होतं, बोर्ड लावून कोणी गप्प बसतं का? आणि त्याच पत्रात तो दुसरा मजकूर होता, एकोणतीस वर्षांपूर्वीचा. मी पेन खाली ठेवलं. दोन दिवस ते तसंच पडून होतं. माझा नियम तुला माहीत आहे, दुसऱ्याच्या मजकुराचा अर्थ बदलायचा नाही. मग मी स्वतःलाच सांगितलं, मी अर्थ कुठं बदलते आहे? त्यानं 'मुक' लिहिलं आहे, मी फक्त शुद्ध करते. अशी लबाडी मी आयुष्यात पहिल्यांदा केली, आणि सांगते, फार बरं वाटलं.

त्या 'टुणटुण'बद्दल मला माफ कर. तेव्हा माझ्यासमोर कामाचा ढीग होता, डोकं तापलं होतं, तोंडातून शब्द निघून गेला. मी लोकांचे शब्द तपासण्यात आयुष्य घातलं आणि माझा स्वतःचा एक शब्द न तपासता सोडला. पेटी कपाटावर का असते, हे मला कळत होतं. मला विचारायचं धाडस झालं नाही. मी मोठी होते ना, मोठ्यांना हे फार अवघड जातं. मग मी तोच शब्द थट्टेनं पुन्हा पुन्हा वापरत राहिले, म्हणजे पहिल्यांदाही ती थट्टाच होती असं वाटावं.

आता तुला माहीत नाही ते सांगते. सहा वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आले होते, एक दिवस आधी. न कळवता. जिना चढून आले तर आत तू वाजवत होतीस. मी जिन्यातच उभी राहिले, दोन्ही हातांत पिशव्या. किती वेळ ते ठाऊक नाही, पण पिशवीच्या बंदाचे वळ बोटांवर उमटले. तुझं ते थांबणं मी तेव्हा ऐकलं. ठोंब्याला ते आत्ता कळलं, मला तेव्हाच. मला आत यायचं होतं, खाली बसून ऐकायचं होतं, आणि आत यायचा मला एकच मार्ग माहीत होता. मी घंटा वाजवली. आतलं वाजणं थांबलं. तू दार उघडलंस तेव्हा पेटी कपाटावर गेली होती. आपण चहा प्यायलो आणि हवेबद्दल बोललो.

त्या घंटेवर ठेवलेलं बोट मला अजून आठवतं. तुझ्यासाठी चारशे माणसांना गप्प बसवावं असं मला वाटलं, त्यातली पहिली मीच असायला हवी होते आणि नेमकी मी तिथं नव्हते.

ठोंब्याला यातलं काही सांगू नकोस. त्याला वाटू दे की माझी चूक झाली. त्याच्यावर चूक दाखवायची वेळ आली आणि त्यानं ती पोटात घातली, ताईच्या जिवाला लागेल म्हणून. मी अकरा वर्षं त्याच्या सोळा सोळा चुका मोजून पाठवल्या, मला हे कधी सुचलं नाही. असा भाऊ मिळाला आणि मी त्याला ठोंब्या म्हणते.

थोडे दिवस कुणासाठी वाजवायचे असं तू विचारलं आहेस. मला मागायचा हक्क नाही, तरी मागते. माझा पाय अजून आठवडाभर जागचा हलत नाही. ये. पेटी घेऊन ये. खोली लहान आहे, पण शेवटचा बाक म्हणजे माझीच खुर्ची.

दाराची घंटा मी लेकीकडून काढवून घेतली आहे. दार नुसतं लोटलेलं असेल. त्यावर मी स्वतः लिहिलेली पाटी आहे. अक्षर ठोंब्याच्या नखाचीही सर येणार नाही असं, पण उकार बरोबर आहे: मूक प्रवेश.

ती बाकीच्यांसाठी आहे. तू जिन्यापासूनच वाजवत ये.

तुझी,
ताई